का ते विचारायचं नाही

रविवारच्या वर्तमानपत्रात ‘चौथा मजला’ या बँडच्या नव्या अल्बमवर अर्धं पान आलं. एवढ्या वर्षांनी म्हातारे परत आले आणि चक्क बरं वाजवलं, असा एकूण सूर. गाणाऱ्यावर तीन रकाने, गिटारवाल्यावर एक, ड्रमवाल्याच्या पोटावर एक विनोद, आणि माझ्या धाकट्या दिरावर अर्धी ओळ: ‘बेस गिटारवर जुनाच सहकारी.’ जुनाच सहकारी म्हणे. एखादं कपाट जागचं हललं नाही हे सांगावं, तसं.

मी पेपर त्यांच्यापुढे टाकला. म्हटलं, “भावजी, तुमच्यावर अर्धी ओळ आहे.”

चष्मा न लावताच ते म्हणाले, “भरपूर झाली.”

मला झाली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

भावजींचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. बेस गिटार हे त्यांचं दुसरं काम, किंवा पहिलं. त्यांना विचारून उपयोग नाही, ते सांगणार नाहीत. बेस म्हणजे नेमकं काय हे मला लग्नानंतर समजलं. ते वाजत असतं तोवर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि थांबलं की काहीतरी बिघडलंय असं सगळ्यांना वाटतं. लिफ्टचंही तेच. म्हणजे माणसाने दोन्ही कामं आपल्या स्वभावाला धरून निवडली.

बँडमध्ये त्यांना ‘खांब’ म्हणतात, कारण स्टेजवर ते हलत नाहीत. बाकीचे नाचतात, केस उडवतात, आता केस नाहीत तर नुसत्या माना उडवतात. हे आपले एका जागी. एका कार्यक्रमात कोणीतरी त्यांच्या खांद्यावर जॅकेट अडकवून गेलं, असं ड्रमवाला शपथेवर सांगतो. भावजी म्हणतात, जॅकेट नव्हतं, मफलर होता.

एकदा दातांच्या डॉक्टरकडे जाताना मी लिफ्टमध्ये अडकले. निरोप गेला आणि यायचे ते हेच आले. बाहेरून आवाज आला, “आत किती जण आहात?”

“भावजी, मी आहे.”

“किती जण?”

“एक.”

“बसून घ्या. दार ओढू नका. मी इथेच आहे.”

एवढंच. पुढे वरच्या खोलीत कोणीतरी ब्रेक सोडून लिफ्ट इंचाइंचाने खाली घेईपर्यंत ते दाराच्या पलीकडे उभे राहिले. धीर दिला नाही, गप्पा मारल्या नाहीत. पण कोणीतरी उभं आहे हे आतल्याला कळत राहतं, आणि मी तर त्या अंधाऱ्या डब्यात चक्क जमिनीवर बसले, चांगली साडी नेसलेली असताना. लोकांची कामं अशी बघितली की माणूस कळतो. चहा पिताना कोणीच कळत नाही.

तर बँड. चौघं कॉलेजात होते तेव्हाचा. एका छापखान्याच्या वर, चौथ्या मजल्यावर त्यांना फुकट खोली मिळाली होती. इमारतीला लिफ्ट नव्हती. भावजी आठवड्यातून चार वेळा आपला बेसचा जड स्पीकर पाठीवर घेऊन चढायचे, आणि मला वाटतं, पुढे लिफ्टच्या धंद्यात शिरले ते त्या रागाने. गाणारा तो ‘राजे’. दिसायला देखणा, वागायलाही तसाच, म्हणजे सगळ्यांनी आपल्याकडे बघत असावं असा. गिटार वाजवायचा तो पुढे शाळेत भूमिती शिकवायला लागला, त्याला ‘मास्तर’ म्हणतात. आणि ड्रमवर ‘बंब’. हे नाव त्याला का पडलं ते सांगायला नको.

चौघांची भांडणं फार व्हायची. गाण्यात काय ठेवायचं आणि काय नाही, यावरून एकदा बंबने मास्तरची चप्पल खिडकीतून खाली फेकली. तेव्हा त्यांनी एक नियम केला. नवं गाणं पहिल्यांदा पूर्ण वाजवून झालं की प्रत्येकाने आपली टिकली बाजूच्या छोट्या ड्रमवर ठेवायची. टिकली म्हणजे गिटारची तार छेडायला प्लॅस्टिकचा तिकोनी तुकडा असतो तो. ते त्याला पिक म्हणतात, मी टिकली म्हणते. ज्याला गाणं नको असेल त्याने ती खिशातच ठेवायची. चारही पडल्या तर गाणं बँडचं. एक जरी कमी पडली तर गाणं संपलं, कोणी कुठेच वाजवायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

बंब काठ्यांनी वाजवतो, त्याच्याकडे टिकली नव्हती. त्याने शर्टाचं बटण तोडलं. भावजी बोटांनी वाजवतात. त्यांनी एक टिकली विकत घेतली, फक्त मत द्यायला. तिने कधी एक तारही छेडली नाही.

मला हा नियम तेव्हा फार शहाणपणाचा वाटला होता. आता वाटत नाही. कारण विचारायचं नाही म्हटलं की कारण जात नाही, ते नुसतं आत बसून राहतं, आणि बाहेरचा माणूस आपल्या मनाने दुसरंच एखादं कारण तयार करून घेतो.

झालंही तसंच. एक कॅसेट निघाली, बरी चालली. दुसरीसाठी राजेने एक गाणं आणलं. त्याच्या मते त्याचं आजवरचं सर्वांत चांगलं. तीन मतं पडली. भावजींचा हात खिशातून बाहेर आला नाही. राजेने नियम पाळला, का ते विचारलं नाही. खोलीबाहेर गेला आणि परत आलाच नाही. खांब माझ्यावर जळतो, असं त्याने ठरवून टाकलं. खांब आणि जळणार. पण माणसाला स्वतःविषयी गोड वाटेल तेच खरं वाटतं. बँड मोडला. पुढे राजेने एकट्याने बरेच कार्यक्रम केले, जाहिराती गायल्या, पण ते गाणं मात्र कुठेही गायलं नाही. त्याचं हे मला मान्य करायलाच हवं. चढेल आहे, पण शब्दाचा पक्का.

आणि भावजी लिफ्टकडे गेले. लग्न केलं नाही. आमच्या घराच्या तळमजल्यावर राहिले, वर आम्ही. माझा नवरा गेला तेव्हा सगळं त्यांनीच बघितलं. बँड का मोडला म्हणून मी त्यांना कितीदा झापलं असेल. “एका गाण्यासाठी? एवढं काय होतं त्या गाण्यात?” ते म्हणायचे, “चाल जमत नव्हती.” मला चालीतलं कळत नाही, त्यामुळे विषय तिथे संपायचा.

मागच्या वर्षी एक मुलगी आली. तिचा स्वतःचा लहानसा स्टुडिओ आहे, आणि लहानपणी वडिलांच्या गाडीत ती जुनी कॅसेट ऐकतच ती मोठी झाली. तिने चौघांना गोळा केलं, एक कंपनी गाठली, आणि अख्खा नवा अल्बम करायचा ठरला. छापखान्यावरच्या त्या खोलीत आता व्यायामशाळा आहे, म्हणून तालीम आमच्या तळमजल्यावर सुरू झाली. माझ्या पायाखालची फरशी रोज संध्याकाळी थरथरायला लागली. शेजारच्या बाईंनी तक्रार केली. मी म्हटलं, तुमचा कुत्रा तीन वर्षं भुंकतोय, आम्ही तीन महिने वाजवतो.

भावजी बदलले. म्हणजे हलायला लागले नाहीत, पण जिन्यावर शीळ ऐकू यायला लागली. कामावरून आले की हात दोनदा धुवायचे, ग्रीस राहू नये म्हणून, आणि मग बोटांना तेल चोळत बसायचे. तारांनी बोटं सोलून निघत होती. “या वयात कशाला?” म्हटलं तर म्हणाले, “या वयात म्हणूनच.” इतकं लांब वाक्य त्यांच्याकडून बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

आणि एका संध्याकाळी खालचं वाजणं मध्येच थांबलं. दारं आपटली. भावजी जेवायला वर आले आणि ताटाकडे बघत बसले. मी विचारलं, “काय झालं?” “काही नाही.” त्यांचं ‘काही नाही’ मी ओळखते, त्यात फरक असतो.

दुसऱ्या दिवशी राजेच वर आला. ते घरात नसताना, मुद्दाम.

“वहिनी, तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकतो तो.”

“माझं कोणी ऐकत नाही, म्हणून तर मी मोठ्याने बोलते. काय झालं?”

त्याने ते जुनं गाणं परत काढलं होतं. कंपनीला, त्या मुलीला, मास्तरला, बंबला, सगळ्यांना आवडलं. अल्बमचं नावच त्यावरून द्यायचं ठरत होतं. आणि खांबाने परत टिकली खिशात ठेवली.

“हे गाणं नसेल तर मी नाही,” राजे म्हणाला. “दुसऱ्यांदा नाही सहन करणार. ते तिघं आपलं वाजवत बसू देत.”

“आणि कारण?”

“विचारायचं नसतं, वहिनी.”

“साठी उलटलेली चार माणसं तुम्ही,” मी म्हटलं, “आणि खेळ अजून अळीमिळी गुपचिळीचा. ऐकवा मला.”

त्याने फोनवर लावून दिलं. नुसता त्याचा आवाज आणि गिटार. खाली मास्तर आले म्हणून तो फोन माझ्याकडेच ठेवून गेला.

गाणं एका माणसाचं होतं. तो रोज संध्याकाळी घरासमोर गाडी आणून उभी करतो आणि आत तसाच बसून राहतो. इंजिन बंद, दिवा बंद. वरती खिडकीत त्याची बायको डोळे पुसत उभी. आणि ध्रुवपदाला एक ओळ: ‘किल्ली हातात, दार समोर, पाय काही उचलत नाही.’

तो माणूस माझा नवरा होता.

वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर त्याची नोकरी. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि मान डोलवायची. घरी आला की गाडी लावून खाली बसून राहायचा. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तेव्हा मी काय काय कल्पना केल्या ते सांगत नाही; तरुण होते, डोकं सुपीक होतं. मग एके दिवशी नीट निरखून बघितलं. माणूस शेंगदाणे खात होता. बाकी काही नाही. दिवसभरात कोणी बोलणार नाही अशी तेवढीच जागा त्याला मिळत असणार, आणि मी बोलणारी. तेव्हापासून गाडी आली की मी गॅस बारीक करायची आणि गाडीचं दार वाजलं की मोठा. त्याला कधी विचारलं नाही. त्याने कधी सांगितलं नाही. सीटखालची टरफलं मात्र महिन्यातून एकदा मीच झाडायची.

भावाने भावाला कधीतरी सांगितलं असेल, भावजींनी ते मित्राला. राजे खाली जायच्या आधी मी त्याला विचारलं होतं, ही ओळ कुठून आली. “आली, वहिनी. ओळी येतात.” खोटं बोलत नव्हता तो, खरंच विसरला होता. दुसऱ्याच्या कुंडीतलं रोप आपल्या गच्चीवर आणून ठेवायचं आणि चार पावसाळ्यांनी ते आपणच लावलं म्हणायचं, ही लिहिणाऱ्यांची जातच.

आणि भावजींनी बँड घालवला, मित्र घालवला, तोंड मिटून माझी बोलणी खाल्ली. कारण हे गाणं वाजलं असतं तर एक दिवस माझ्या कानावर आलं असतं.

संध्याकाळी ते आले तशी मी खाली गेले. ते स्पीकरचं मागचं झाकण उघडून बसले होते.

“ते गाणं ऐकलं मी.”

स्क्रू फिरवायचा हात थांबला. “राजेला अक्कल नाही.”

“ती कधीच नव्हती. तुमच्या दादावर आहे ते.”

त्यांनी हातातला स्क्रू डबीत टाकला.

“भावजी, मला माहीत होतं. गाडीचं. पहिल्या वर्षापासून. वरून दिसायचं मला.”

त्यांनी झाकण भिंतीला टेकवून ठेवलं. मग म्हणाले, “सगळं माहीत होतं?”

“सगळं.”

“मग मी एवढी वर्षं...”

“विचारायचं होतंत.”

“विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं,” ते म्हणाले. बरोबरच होतं.

आता मी जे म्हटलं त्यातलं खरं किती, ते लिहिते. गाडीचं मला माहीत होतं. ‘पाय उचलत नाही’ हे माहीत नव्हतं. हे शब्द माझ्या नवऱ्याचेच. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना तो हेच म्हणायचा. ऑफिसबद्दल म्हणायचा तेव्हा मी हसायची. माझ्या घराबद्दल म्हणाला असेल, हे मला फोनवरच्या गाण्यात कळलं, तो जाऊन इतका काळ लोटल्यावर. फोनचा पडदा काळा होईपर्यंत मी तो हातात धरून बसले होते. विचारायला माणूस नाही. असता तरी मी ताडकन विचारलं असतं आणि तो बोललाच नसता.

भावजी इतकी वर्षं हे एक वाक्य माझ्याऐवजी वाहत होते. तेवढं माहीत नव्हतं असं म्हटलं असतं, तर ते त्यांनी पुन्हा पाठीवर घेतलं असतं, त्या स्पीकरसारखं, आणि टिकली खिशातच राहिली असती. म्हणून ‘सगळं’ म्हटलं. लोकांच्या तोंडावर खरं बोलते म्हणून माझ्या नात्यातली निम्मी माणसं मला टाळतात. पण तेव्हा मी हे असं बोलले. आता हे छापून येईल आणि भावजी वाचतील. वाचू देत. अल्बम निघाला आहे, मत मागे घेता येत नाही.

पुढच्या तालमीला मी खाली जाऊन बसले. राजेला म्हटलं, “गाण्यात एक खोटं आहे. ती खिडकीतली बाई रडत नव्हती.”

“गाण्यात चालतं, वहिनी.”

“माझ्या बाबतीत चालत नाही. ती बाई मी आहे.”

राजेने मग खांबाकडे बघितलं. कुठल्याशा जिन्यावर कधीतरी भावजींशी झालेलं ते बोलणं त्याला आठवत असावं, कारण त्याचा देखणा चेहरा जरा वयाचा दिसायला लागला. “तू बोलला का नाहीस?” तो म्हणाला.

“तू विचारलंस का?” बंब मध्येच बोलला. मास्तर हसायला लागले, आणि मग कोणालाच थांबवता येईना.

“मग काय करत होती ती बाई?” राजेने शेवटी विचारलं.

“गॅस बारीक करत होती.”

“हे गाण्यात बसत नाही.”

“बसवा.”

त्याने बसवलं. आता लोकांना तीच ओळ आवडते, आणि ती आपल्याला एका पहाटे सुचली असं राजे मुलाखतींतून सांगायलाही लागला आहे.

गाणं वाजवून झाल्यावर राजेने टिकली ठेवली, मास्तरनी ठेवली, बंबने ते पिवळं पडलेलं बटण ठेवलं. भावजींनी खिशात हात घातला. मला वाटलं, परत राहतो की काय हात आतच. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, जसं एखाद्या मजल्यावर लिफ्ट बरोबर थांबली की नाही ते बघतात. मी म्हटलं, “मला कुठे मत आहे? टाका.” त्यांनी टाकली. ती टिकली अजून कोरी होती, कडासुद्धा झिजल्या नव्हत्या.

रेकॉर्डिंगला त्या मुलीने आधी एकेकाचं वेगळं घेऊ म्हटलं, हल्ली तसंच करतात म्हणे. चौघांनी एकदम नाही म्हणून मान हलवली. मग चौघं एकाच खोलीत उभे राहिले, भिंतीवर गोधडीसारखं काहीतरी लावलेलं, आणि मी काचेच्या अलीकडे. ध्रुवपदाची ओळ आली तेव्हा मी भावजींची बोटं बघत होते. ती चुकली नाहीत. मीही काही केलं नाही. गाणं संपल्यावर ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, “परत घ्यायला नको.”

मी रिक्षाने पुढे आले. भात टाकला. खाली भावजींची अवजारांची गाडी आली, दिवे विझले, आणि मग काहीच नाही. दार वाजेना. मी सवयीने गॅस बारीक केला. मग बंदच केला. नवरा होता तेव्हा वाट बघायला माझ्याकडे वर्षं होती. जिना उतरून गेले आणि काचेवर बोटाने वाजवलं.

“आत किती जण आहात?”

ते दचकले. मग म्हणाले, “एक.”

“उघडा.”

पलीकडचं दार उघडलं. सीटवरची पाना-पक्कड मागे टाकून मी बसले. गप्प बसणं मला जमत नाही; बसले. समोरच्या काचेतून आमचं घर दिसत होतं. मी या बाजूने संध्याकाळचं कधी बघितलंच नव्हतं. वरची खिडकी उजळलेली, फडताळावरचे डबे, गॅसवरचं पातेलं, मागे टांगलेला माझा टॉवेलसुद्धा.

“इथून स्वयंपाकघर अख्खं दिसतं,” मी म्हटलं.

“हो.”

“दादा गाडी इथेच लावायचा.”

“इथेच.”

“म्हणजे मी दिसत असायची त्याला. गॅस बारीक करताना, सगळं.”

“हो. सांगायचा तो.”

“हे मला आधी सांगायचं होतंत, भावजी.”

त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली. “तुम्हीच म्हणालात ना,” ते म्हणाले, “सगळं माहीत आहे.”